सुरत : लुटीपलीकडचे शहर



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली याच शाळेत मी इतिहासाचा पहिला धडा गिरवला. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषय निवडायला मला फार वेळ लागला नाही. सातवीत असताना त्यांनी आम्हाला बडोद्याहून सुरतेला सहलीला नेले होते. त्या दिवशी त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला देता आले नव्हते. साठ वर्षांच्या विलंबाने ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

आपण बडोद्याची मराठी माणसे. सुरत आपल्यापासून आगगाडीने जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तरीही सुरत म्हटले की आपल्या मनात दोनच प्रसंग उभे राहतात : एक शिवछत्रपतींनी केलेली सुरतेची लूट आणि दुसरा १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात भिरकावला गेलेला तो प्रसिद्ध दक्षिणी जोडा! म्हणजे एका शहराच्या पाचशे वर्षांतले काही दिवस आपण पाठ केले आणि उरलेले शहर न पाहताच परतलो. लहानपणी आमच्या शेजारी मूळच्या सुरतेच्या एक वृद्ध बा राहत असत. चांदणी पडव्याला त्यांच्याकडे घारी खायला आम्ही मुले धावत गेलो की त्या हसून विचारत, “पाछा लूटवा आव्या?” तो विनोद होता, पण तीनशे वर्षांनंतरही सुरतेच्या घरात तो जिवंत होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

प्रथम या शहराचे स्थान लक्षात घेऊ. तापी नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, बऱ्हाणपुराजवळून खानदेशात उतरते आणि सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून सुरतेच्या पश्चिमेस समुद्राला मिळते. सुरत समुद्रावर नाही, नदीवर आहे. मोठी गलबते शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती नदीच्या मुखाबाहेर सुवाळीच्या नैसर्गिक आश्रयाला नांगर टाकीत आणि माल बैलगाड्यांतून अथवा लहान होड्यांतून शहरात येई. पावसाळ्यात समुद्र बंद. पावसाळा सरला की मोखा, जेद्दा, बसरा, बंदर अब्बास आणि सुमात्रातील आचे येथली जहाजे. किनारा तर असा, की नदी दरवर्षी गाळ आणून टाकणार. निसर्गाने फारसा हातभार न लावलेले हे बंदर मोगल साम्राज्याचे प्रमुख सागरद्वार कसे झाले, हाच खरा प्रश्न आहे.

नदीच्या पलीकडच्या काठावर रांदेर आहे. ते सुरतेहून जुने बंदर. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातच्या सुलतानांच्या काळात मलिक गोपी नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने अलीकडच्या काठावर वस्ती वाढवली आणि गोपी तलाव बांधला. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी रांदेर आणि सुरत दोन्ही जाळली. तेव्हा संरक्षणाची निकड भासून १५४० च्या दशकात खुदावंदखानाने तापीच्या काठी भक्कम किल्ला उभारला. १५७३ मध्ये अकबराने तो जिंकला आणि सुरत मोगलांच्या राज्यात आली. आरंभीच्या या इतिहासातच एक खूण दिसते : हे शहर जळते आणि पुन्हा वसते.

मोगलांच्या काळात सुरत ही मक्केचा दरवाजा मानली गेली. हज यात्रेकरू इथूनच जहाजावर चढत. त्यांच्या आणि प्रवाशांच्या सोयीसाठी शहाजहानच्या कारकिर्दीत, १६४४ मध्ये, एक प्रशस्त सराई बांधण्यात आली. तीच आजची मुगलसराई. परदेशी कंपन्याही इथेच आल्या. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजावरून उतरला. १६१२ मध्ये सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना मागे रेटले आणि पुढच्याच वर्षी त्यांना वखारीची परवानगी मिळाली. १६१५ मध्ये जहांगीरच्या दरबाराकडे जाणारा वकील टॉमस रो याच किनाऱ्यावर उतरला. मागोमाग डच आले आणि १६६८ मध्ये फ्रेंचांनीही वखार घातली.

परंतु या गोऱ्या मंडळींना सुरतेचा इतिहास समजणे म्हणजे पाहुण्यांना घरमालक समजण्यासारखे आहे. ते ज्यांच्याकडून माल घेत, ज्यांच्याकडून व्याजाने पैसा उचलत, ते खरे सुरतकर. विरजी व्होरा या जैन शेठजींच्या कर्जावर इंग्रजांची वखार वेळोवेळी तरली. पुढे मुल्ला अब्दुल गफूर या बोहरा व्यापाऱ्याचा जहाजांचा ताफा सागरात फिरू लागला. पारशी, आर्मेनियन, तुर्क, अरब, वाणी आणि सराफ अशा नाना धर्मांच्या माणसांचा व्यवहार एका गोष्टीवर चालत होता, ती म्हणजे हुंडी. सुरतेत लिहिलेला एक कागद आग्र्याला दाखवला की तिथे रोकड मिळे. कागद फाटका असला तरी चाले, पण शब्द फाटका असून चालत नसे. सुरतेचे खरे बंदर हा विश्वास होता, असे माझे मत आहे.

आता आपण जानेवारी १६६४ कडे येऊ.

शाहिस्तेखानाच्या मोगली फौजेने १६६० पासून तीन वर्षे पुणे प्रांत तुडवला होता. शेते उजाड झाली होती, स्वराज्याचा खजिना रिता झाला होता. महाराजांनी मोगलांची नुकसानभरपाई मोगलांच्याच तिजोरीतून करून घेण्याचे ठरवले. घोडदळ झपाट्याने सुरतेवर आले आणि महाराजांचा मुक्काम बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत पडला. सुरतेचा सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार उचलत असे, पण तेवढी फौज त्याने ठेवलीच नव्हती, असे नमूद आहे. तो किल्ल्यात जाऊन बसला. ज्यांना पैसे मोजता आले, ते त्याच्या मागोमाग आत गेले. सामान्य माणसे नदीपलीकडे आणि आसपासच्या खेड्यांत पळाली. तहाच्या बोलण्याच्या मिषाने खानाने पाठवलेल्या माणसाने महाराजांवर खंजीर उगारला. पुढचे चार दिवस शहर लुटले आणि जाळले गेले. विरजी व्होराचा वाडा भस्मसात झाला. जॉर्ज ऑक्सिंडनच्या हाताखाली इंग्रजांनी आणि त्यांच्याप्रमाणे डचांनी आपापल्या वखारी राखल्या. फादर अ‍ॅम्ब्रोझ या कॅपुचिन धर्मगुरूच्या मठाला आणि हयातीत मोठा दानधर्म केलेल्या एका दिवंगत दलालाच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही, हे फ्रेंच प्रवासी बर्नियरने लिहून ठेवले आहे.

ही हकीकत आपण सारे शाळेत शिकलो. सहलीच्या दिवशी आम्हा मुलांना ती लुटीची जागा पाहायची घाई झाली होती. गुरुजींनी आम्हाला प्रथम नेले ते कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या दफनभूमीत. तिथे ऑक्सिंडन बंधूंची दोन मजली, घुमटदार समाधी आहे. वखार राखणारा जॉर्ज १६६९ मध्ये सुरतेतच वारला आणि तिथे विसावला. जवळच डचांची दफनभूमी असून तीत ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील महाग्रंथाचा कर्ता हेंड्रिक व्हान रीड याची समाधी आहे. आमच्यापैकी एकाने त्या घुमटाकडे पाहून “केवढे हे थडगे!” म्हटले. गुरुजी म्हणाले, “हे तर पाहुणे. यांची थडगी राहिली. ज्यांची घरे जळली त्यांचे काहीच राहिले नाही.” आणि मग तो प्रश्न : “मुलांनो, त्या आठवड्यात तुमचे घर सुरतेत असते तर?”

मी तत्काळ हात वर केला आणि म्हणालो, “गुरुजी, आम्ही महाराजांना सामील झालो असतो.” मुले हसली, टाळ्या पडल्या. गुरुजी रागावले नाहीत. पण त्यांना हसूही आले नाही. ते म्हणाले, “तू मोठा झाल्यावर उत्तर दे.”

महाराजांविषयीचा आदर कमी करावा, असा त्यांचा हेतू मुळीच नव्हता. त्यांच्याइतक्या भक्तीने शिवचरित्र शिकवणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. त्यांना इतकेच सांगायचे होते, की स्वराज्याची निकड खरी होती आणि सुरतेच्या एखाद्या सामान्य दुकानदाराची राखही खरी होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातात धरता आल्या पाहिजेत. एक खाली ठेवली की दुसरीचे वजन कळत नाही.

लुटीनंतर काय झाले, हे आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. औरंगजेबाने व्यापाऱ्यांची एका वर्षाची जकात माफ केली आणि शहराभोवती तट बांधवला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्यापारी परतले. ज्याचा वाडा जळाला त्या विरजी व्होराचे नाव इंग्रजांच्या पत्रव्यवहारात नंतरही भेटत राहते. पैसा गेला, पण पत शाबूत राहिली होती.

याचे याहून मोठे प्रत्यंतर पाच वर्षांनी आले. १६६९ च्या सप्टेंबरात काझीच्या धार्मिक जाचाला कंटाळून सुरतेच्या महाजनांनी शहर सोडण्याचा निर्णय घेतला. भीमजी पारेख यांच्या नेतृत्वाखाली सुमारे आठ हजार वाणी घरदार मागे ठेवून भरुचेला निघून गेले. मुंबईला येण्याची त्यांची इच्छा होती, पण तूर्त येऊ नये असा सल्ला इंग्रजांनी दिला. त्यांनी ना तलवार उपसली, ना दंगा केला. दुकाने बंद, टांकसाळ ओस, जकातीच्या कचेरीत शुकशुकाट. दोन-तीन महिन्यांत सरकारच हवालदिल झाले. बादशहाकडून अभयाचे आश्वासन आले तेव्हा डिसेंबरात ही मंडळी परतली. आपल्या देशाच्या इतिहासातील संघटित बहिष्काराच्या जुन्या उदाहरणांत याची गणना व्हायला हवी. याच भीमजी पारेखांच्या मागणीवरून कंपनीने १६७४ मध्ये मुंबईला छापखाना आणि मुद्रक पाठवला, हे आपल्यासारख्या शाळांतून पुस्तके वाचणाऱ्यांनी विसरू नये.

बडोद्याहून सुरतेला जाताना भरुचेपाशी नर्मदेचा पूल लागतो. त्या सहलीत गुरुजींनी आम्हाला खिडकीशी बोलावून पात्राकडे बोट दाखवले होते. “इथे आठ हजार माणसे रुसून बसली होती,” एवढेच ते म्हणाले. तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही.

ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा सुरतेवर आले. परतताना वणी-दिंडोरीला मोगलांशी लढाई होऊन मराठे विजयी झाले. या दोन स्वाऱ्यांनंतर सुरतेला मराठ्यांच्या केवळ वार्तेनेही दचकण्याची सवय जडली. पुढे १७१९ मध्ये आपल्या गायकवाड घराण्याचे मूळ पुरुष पिलाजीराव यांनी सोनगड हे ठाणे केले आणि तेथून सुरत अठ्ठाविशीवर चौथाईचा अंमल बसवला. आपल्या बडोदा राज्याचा पाया सुरतेच्या रानात घातला गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग सुरत बंदर म्हणून मागे पडले ते कशाने? कोणी म्हणतात तापीच्या गाळाने, कोणी म्हणतात इंग्रजांनी मुख्य ठाणे १६८७ मध्ये मुंबईला हलवल्याने. दोन्हींत तथ्य आहे. परंतु आशीन दासगुप्ता या थोर अभ्यासकाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अधिक व्यापक चित्र मांडले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इराणची सफवी सत्ता कोसळली, येमेनमध्ये यादवी माजली आणि मोगल साम्राज्य विस्कळीत होऊन आग्रा-दिल्लीच्या वाटा असुरक्षित झाल्या. सुरतेच्या पुढचा समुद्र आणि पाठीमागचा रस्ता असे दोन्ही एकाच काळात बिघडले. पाठीमागचा रस्ता बिघडण्यात आपल्या मराठी फौजांचाही वाटा होता, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, १८०० मध्ये संपूर्ण कारभार हाती घेतला आणि १८०२ मध्ये गायकवाडांनी सुरतेच्या चौथाईवरचा आपला हक्क कंपनीला देऊन टाकला.

बंदर गेले, पण माणसांच्या हातातली कला गेली नाही. १७३६ मध्ये सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला गेले आणि तिथल्या जहाजबांधणीचा पाया घातला. सुरतेने मुंबईला गमावले म्हणतात. मी म्हणेन, सुरतेने मुंबई घडवली. १८३७ च्या भीषण आगीनंतर तर सुरत संपली असेच अनेकांना वाटले. त्याच शहरात १८३३ मध्ये जन्मलेले नर्मद पुढे अर्वाचीन गुजराती साहित्याचे अध्वर्यू झाले.

आता माझ्या स्वतःच्या आयुष्यातली सुरत सांगतो.

१९९४ च्या सप्टेंबरअखेर सुरतेत प्लेगची साथ आली. काही दिवसांत लक्षावधी लोकांनी शहर सोडले. बडोद्याच्या स्टेशनावर तोंडाला रुमाल बांधलेली माणसे उतरत होती. आमच्या शेजारच्या बा तेव्हा हयात नव्हत्या. पण त्यांच्या नात्यातले एक जोडपे दोन लेकरांसह रात्री आमच्या वाड्याच्या दाराशी उभे राहिले. शेजारचे घर बंद होते. वाड्यात कुजबूज सुरू झाली. “आत घ्यायचे की नाही?” सुशिक्षित म्हणवणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या मनात भय होते आणि मी स्वतः, इतिहासाचा शिक्षक, दाराची कडी काढायला पुढे झालो नाही, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो. कडी काढली ती माझ्या आईने. तिने ओसरीवर चटई टाकली, डॉक्टरांना बोलावले, गोळ्या सुरू करवल्या आणि पिठलेभात वाढला. मुलांकडे पाहून ती म्हणाली, “यांच्या आजीने तुला घाऱ्या खाऊ घातल्या आहेत.”

त्या रात्री मला गुरुजींचा प्रश्न आठवला. त्या आठवड्यात तुमचे घर सुरतेत असते तर? १६६४ च्या जानेवारीत नदीपलीकडच्या खेड्यांतही अशीच दारे असतील. काही उघडली असतील, काही नसतील. इतिहासाने त्या दारांची नोंद ठेवली नाही.

ते कुटुंब महिन्याभराने परत गेले, तशीच बहुतेक सुरत परतली. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. कचरा रोज उचलला जाऊ लागला, अधिकारी सकाळी रस्त्यावर उतरू लागले आणि घाणीसाठी बदनाम झालेले शहर दीड-दोन वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. २००६ च्या ऑगस्टात तापीच्या महापुराने शहराचा फार मोठा भाग बुडवला; त्यातूनही ते उभे राहिले.

तरुण मित्रांनी सुरत अवश्य पाहावी. किल्ल्यात आमच्या सहलीच्या वेळी सरकारी कचेऱ्या होत्या. महापालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून तिथे संग्रहालय केले आहे. मुगलसराईत आता महापालिकेचेच कार्यालय आहे. ज्या वास्तूत हजचे यात्रेकरू उतरत, तिथे नागरिक घरपट्टीची चौकशी करतात. गोपी तलाव पुन्हा पाण्याने भरला आहे. रांदेरच्या जुन्या गल्ल्यांतून फिरावे, डुमसच्या किनाऱ्यावर भरती पाहावी. हिवाळ्यात पोंक खावा; तो म्हणजे आपला हुरडाच. “सुरतनुं जमण अने काशीनुं मरण” ही म्हण उगाच पडलेली नाही. बंदर आज नदीमुखाशी हजिऱ्याला आहे. हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा एवढा वाढला, की २०२३ मध्ये त्यासाठी एक अवाढव्य व्यापारसंकुल उभे राहिले.

पण तिथवर गेलात, तर उधना आणि लिंबायतलाही जा. तिथे हजारो मराठी कुटुंबे आहेत. ती जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळच्या लोहमार्गाने आली. कुणी मागावर बसले, कुणी गिरणीत लागले. तिथे महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. ज्या दिशेने एकेकाळी मराठी घोडी आली, त्याच दिशेने मराठी माणसे रोजीरोटीसाठी आली आणि शहराने त्यांना ठेवून घेतले. आपल्या घरातल्या पैठणीचा पदर उलगडून पाहा. वीण येवल्याची, पण जर बहुधा सुरतेची निघेल.

गुरुजींच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे. माझे घर सुरतेत असते, तर मीही नदीपलीकडे पळालो असतो आणि कुणीतरी कडी काढावी म्हणून दाराशी उभा राहिलो असतो. हे कळल्याने महाराज माझ्या मनात लहान झाले नाहीत. दानशूराचे घर राखा, असा हुकूम त्यांनी धामधुमीच्या ऐन गर्दीत का दिला, ते मात्र मला अधिक समजले.

शाळेने सातवीची सुरतेची सहल पुन्हा सुरू करावी, अशी माझी पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. नर्मदेच्या पुलावर मुलांना खिडकीशी बोलवावे आणि कतारगाम दरवाजापाशी तोच प्रश्न विचारावा. उत्तराची घाई करू नये.